धुक्याचे चौकोन

ओट्यावर नको म्हटलं होतं,
तरी परातीशेजारी प्लेअर उताणा पडलाय,
पोट उघडं,
आणि झाकणाचे चार स्क्रू
माझ्या चटणीच्या वाटीत.

“बघ,” हे म्हणतात, “कपॅसिटर फुगलेत.”
भाकरी फुगली की आपण खूश,
हे फुगलं की बिघडलं.
तेवढं माझ्या लक्षात राहतं.

चाळीस वर्षं उद्यमनगरात
ओतकामाचे लाकडी साचे केले ह्यांनी.
एक सूत इकडं-तिकडं झालेलं
ह्यांना जेवतानाही दिसतं:
मीठ, लिंबू, लोणचं
एका रेषेत नसलं की घास थांबतो.
अशा माणसाला निवृत्त करून घरी पाठवतात
आणि वर भिंतीवरचं घड्याळ देतात भेट.

घड्याळ ह्या पेटीतही आहे म्हणे,
काटे नसलेलं,
सेकंदाला दोन कोटी सत्तर लाख ठोके.
एखादा मागंपुढं झाला की चित्र थरथरतं.
पुण्याहून नवा स्फटिक मागवला,
हरभऱ्याच्या डाळीएवढा.
बुटाच्या खोक्यातून आला.

ट्रान्सफॉर्मर आता वेगळा, बाहेर,
दस्तगीर मुल्लानं हातानं गुंडाळलेला.
रात्री फ्रीज थांबला की
त्याचं गुणगुणणं ऐकू येतं.

हुपरीहून बाळगोंडा चांदीची तार घेऊन आला,
पैंजणातली उरलेली, वीतभर.
“काकू, तांब्यापेक्षा ह्यातनं चित्र स्वच्छ येतंय म्हणत्यात.”
मी म्हटलं, पैंजणच करून आणलं असतंस
तर निदान ऐकू तरी आलं असतं.
तो हसला.
हे हसले नाहीत, डाख लावत होते.
राळेचा वास आमटीच्या फोडणीत मिसळला.

तपासायची तबकडी एकच.
भाच्यानं काढलेलं पन्हाळ्याचं चित्रण, अठरा वर्षांपूर्वीचं.
तीन दरवाज्याकडून मी चालत निघते,
हिरव्या साडीत, पाठमोरी,
आणि समोर धुकं.
पण धुकं कुठलं,
चौकोन आहेत सगळे, राखाडी,
एकमेकांना चिकटलेले,
ओल्या फडक्यानं अर्धीच पुसलेली फरशी जशी.
मी त्या फरशीत शिरते आणि नाहीशी होते.

ह्यांना धुकं धुक्यासारखं पाहिजे.

भाचा म्हणाला, “मामा, फोनवर टाकून देतो की सगळं.”
दस्तगीर म्हणाला, “तबकडीतच नाही ते मी कुठनं आणू, ज्योतीरामदा?
चौकोन मशीन करत नाही, चौकोन आतच हाईत.”
हे मान डोलावतात.
मग माझ्याकडं वळतात,
“तू होतीस तिथं. सांग, असंच होतं का?”

मी काय सांगू?
मला धुकं आठवत नाही.
चपलेत खडा गेला होता, तो आठवतो.
कणसाचं तिखट-मीठ बोटांना,
आणि वळून बघायचं नाही असं भाच्यानं बजावलेलं,
त्यानं आखडलेली मान.
मागं हे उभे होते की गाडीकडं निघाले होते,
ते मला कधीच दिसलं नाही.

काल रात्री अकराला ह्यांनी वायरी जोडल्या,
लाल, हिरवी, निळी.
काळा रंग काळा झाला होता, खरंच.
साडीचा काठ दिसला, जरीसकट.
टाचेशी एक पांढरा ठिपका उडाला,
मी झटकलेला खडा,
नाहीतर तबकडीवरचा चरा.
चौकोन थोडे मऊ झालेले.
पण चौकोनच.

“असंच होतं,” मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं,
साच्याला पट्टी लावून बघायचे तसं.
“झोप जा,” म्हणाले.

सकाळी उठले
तर पुन्हा पोट उघडं,
आणि चारही स्क्रू तिखट पुसून
वाटीच्या काठाशी ओळीत मांडलेले.

मी चटणीसाठी दुसरी वाटी काढली.