विनाजोडणी

उर्सुलाबायच्या विहिरीवर माझ्याआधी दोघे वायरमन येऊन गेले.
एकाने मोटर बदलायला सांगितली,
दुसऱ्याने जवळजवळ विहीरच.
पाणी भरपूर, तरी पंप भर दुपारी बंद पडायचा.

शिरोड्यात मे महिन्यात मला दुसरी कामं होती.
तरी कठड्यावर बसून राहिलो.
ऊन सरळ खाली उतरलं,
तसं चिऱ्यांच्या कपारीतून कासव निघालं,
फ्लोटपाशी आलं,
पुढचे दोन पाय त्यावर टेकून निवांत झालं.
फ्लोट बुडाला. वर पंप थांबला.

"तो इनास," बाय म्हणाली,
"घोवान सोडलाय, पाणी स्वच्छ राहावं म्हणून."
घोवाचं नावही इनासच होतं,
हे मला दारावरच्या पाटीवरून कळलं.

हसत हसत केबल वर ओढली
आणि हसू तिथंच राहिलं.
चिऱ्याला घासून साल गेलेली,
आत तांबं, हिरवं पडलेलं.
दोनशे तीस व्होल्ट.
आणि कळशीची साखळी लोखंडाची.

बायला काही बोललो नाही. आधी मेन पाडला.

आता विहिरीत तीन सळ्या लटकतात, स्टेनलेसच्या.
त्यांच्यापर्यंत जाते
ती फक्त बारा व्होल्टची कुजबुज.
पाण्याने सळ्या सोडल्या की रिले सुटतो.
गच्चीवरच्या टाकीतही बाराच व्होल्ट,
टाकी भरली की तिथला फ्लोट सर्किट तोडतो.

हाताखालचा तुळशीदास विचारतो,
"तार तुटली तर?"
पंप बंद.
"रिलेची कॉइल जळली तर?"
बंद.
"मग लोक आपल्यालाच शिव्या घालणार."
घालू देत रे.
यंत्र कधीतरी चुकणारच.
चुकेल तेव्हा ते तहानेच्या बाजूला कलंडावं,
मरणाच्या नव्हे,
एवढं बघायचं. बाकी पाना-पक्कड कुणालाही येते.

आठवड्याने बायचा फोन.
पाणी व्यवस्थित आहे, पण इनास
दुपारभर त्याच जागी गोल गोल फिरतो.

गेलो. जुन्या फ्लोटची केबल मुळापासून कापली,
भोकात एम-सील भरलं,
नायलॉनच्या दोरीने खाली सोडला.
कशालाच जोडलेला नाही तो आता.

बिलावर लिहिलं:
फ्लोट एक, विनाजोडणी. रुपये शून्य.
बायने चष्मा लावून वाचलं
आणि खाली सही मागितली.