अर्धी गोळी

लालबागच्या कांडपात मी धणे निवडते.
दहा हजार दाण्यांत एकच खडा असला
तरी तो बरोब्बर दाताखाली येतो.
म्हणून पस्तिसाव्या दिवशी डॉक्टर लोबो म्हणाल्या,
"दहा हजार पेशींत एकही वाईट सापडली नाही,"
तेव्हा मी आधी विचारलं,
सूप कोणाच्या हातात होतं?
त्या हसल्या. मशीन असतं म्हणाल्या.

दुर्वाचा पहिला कागद बरा होता.
बाराचा तुकडा एकविसावर, एकविसाचा बारावर,
शेजारणींनी वाट्या बदलाव्यात तसा.
चुकलेलंच, पण औषधाला नमणारं.
पलीकडच्या खाटेवरच्या रिझवानचं नऊ-बावीस होतं.
त्याच्या अब्बांनी आमचा कागद मागून घेतला
आणि दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवून
बराच वेळ बसले,
जालन्याच्या गाडीची तिकिटं ताडून पाहावीत तसे.

मग घरच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज. दोन वर्षं.
तिसऱ्या आठवड्यात दुर्वाच्या पांढऱ्या पेशी
जवळजवळ संपल्याच.
तोंडभर फोड. ताप एकशे तीन.
गोळी तीच, मापही तेच, सगळ्या पोरांचं.
पुन्हा रक्त गेलं, पुन्हा एक कागद आला:
एका जीनमध्ये एक अक्षर वेगळं,
म्हणून इतरांत निथळून जाणारं औषध
हिच्यात साचून राहतं.

सासूबाई म्हणाल्या, आमच्यात असलं काही नाही.
आईही फोनवर तेच म्हणाली, जरा जोरात.
डॉक्टर म्हणाल्या, कोणाकडून तरी आलंय,
पण ही गोळी पोटात गेल्याशिवाय ते बोलत नाही.
म्हणजे गुहागरकडच्या कुठल्याशा पणजीनं
ते जन्मभर अंगात वागवलं,
भात लावला, नऊ बाळंतपणं काढली,
आणि ते गप्प राहिलं.
तिच्यावर कसला राग धरू?
तिला तर ताप आला की काढा मिळायचा.

आता माप अर्धं.
मिरचीचे हात तीनदा धुते, मोजे चढवते,
फक्त याच कामाला आणलेला अडकित्ता घेते.
पहिले पंधरा दिवस वाटायचं,
लेकीच्या औषधात काटा मारतेय मी,
रेशनवाल्यासारखा.
शुक्रवारी रक्त तपासतात.
आकडा खाली गेला की पोटात गोळा,
वर गेला तरी डॉक्टरांच्या कपाळाला आठी.
मधला आकडा हवा. तो गेले तीन शुक्रवार आहे.

परवा रिझवानच्या अब्बांचा फोन आला.
त्याला वेगळी गोळी आहे, रोजची, अख्खी.
रिपोर्ट विचारायचा धीर झाला नाही.
मी मिरचीचा भाव विचारला.
त्यांनी सांगितला, पैशांसकट,
आणि दोघंही थोडा वेळ फोन धरून राहिलो.

रात्री झोपायच्या आधी दुर्वा
झाकणातले दोन्ही तुकडे वाकून निरखते.
माझं कापणं कधीच नेमकं मधोमध येत नाही.
"हा छोटा आज," म्हणते,
"मोठा उद्याला ठेव."