जड

पाच वर्षं बघतेय मी त्याला, दर गुरुवारी,
रात्रपाळीला निघायच्या आधी,
बुटांच्या नाड्या न बांधता.
बॅलास्ट म्हणतात त्याला. शक्ती एकच : जड होणं.
उडत नाही, डोळ्यांतून आग ओकत नाही.
नुसता उभा राहतो
आणि पूल वाहून जायचा थांबतो.

थंडर बेमध्ये असला नायक कुणालाही पटेल.
इथे सगळंच जड : धान्याची कोठारं, खनिजाच्या बोटी,
एप्रिलपर्यंत सरोवरावर ठाण मांडून बसलेला बर्फ
आणि आमची, फिनलंडहून आलेल्यांची जीभ.
माझ्या वडिलांना ‘बरं आहे’ म्हणायलाही
दोन पेले कॉफी लागायची.

पहिल्या सीझनमध्ये तो जाईल तिथली जमीन फोडायचा.
जिने, फरशा, एकदा तर बँकेचं अख्खं तळघर.
खरं सांगते, तेव्हा तो मला आवडत नव्हता.
चिडलेला पुरुष आणि मोडलेलं फर्निचर
हे बघायला मला टीव्ही कशाला हवा होता?

मग तिसऱ्या सीझनचा सातवा भाग.
सोडून गेलेल्या बायकोच्या स्वयंपाकघरात तो येतो.
ती म्हणते, बस.
खुर्ची जुनी, एक पाय तारेनं बांधलेला.
तो खुर्चीकडे बघतो. मग नव्या बर्फावर
पाय टाकून अंदाज घ्यावा तसा
आधी टेकतो. मग बसतो.
लाकूड करकरतं. तुटत नाही.
संगीत नाही, काही नाही. अकरा सेकंद. मोजलेत मी.
त्या अकरा सेकंदांपायी उरलेल्या एकोणसाठ भागांतली
खलनायकांची सगळी गडगडाटी हसणी
मी माफ करून टाकली.

पाचव्या सीझनला लेखक बदलले.
पहिल्याच भागात तो कुणाच्या तरी लग्नात
धपकन बसतो. खुर्चीचा भुगा.
सगळे हसतात. तोही हसतो.
माझ्या रिमोटची बॅटरी अजून सोफ्याखाली आहे.

‘हेल्वी, विनोद होता तो,’ वेन्डल म्हणाला,
गाडीखालून, हातात पाना.
‘आणि माणसं बदलतात कुठे?
माझा भाऊ तीनदा दारू सोडून आला.’

खोटं नाही म्हणणं त्याचं.
नऊ वर्षं सांभाळलेलं तोंड
गेल्या ईस्टरला बहिणीच्या टेबलावर मीही सोडलं,
आईच्या घराच्या वाटणीवरून.
बोलायचं नव्हतं नेमकं तेच बोलले.
मग मी कितव्या सीझनची?

पण ऐक वेन्डल, खुर्ची मोडली याचा राग नाही.
माणूस मागे घसरतो. घसरू दे.
मात्र ज्याला एकदा ते अकरा सेकंद साधले
तो मोडलेल्या खुर्चीकडे न बघता उठेल कसा?
मी बघितलं होतं. मारित्ताचा चेहरा,
हवेतच थांबलेला तिचा हात,
चमच्यातून ओघळणारा कुस्करलेला बटाटा.
तेवढं बघणं लिहायला हवं होतं त्यांनी.
एक ओळ. संवादसुद्धा नको.

आज पहाटे, चौदा टनांचं यंत्र घेऊन,
म्हाताऱ्या ओलेक्सियुकबाईंच्या फाटकापाशी
मी पातं चार बोटं उचललं, जरा तिरकं केलं,
त्यांच्या दारात ढीग पडू नये म्हणून.
नियमात बसत नाही. वेळही जातो.
पहिल्या वर्षी त्यांची पत्रपेटी
मी दोनदा आडवी केली होती.

सहावा सीझन ऑक्टोबरात, असं कळतं.
आपण नाही बघणार, वेन्डलला सांगून ठेवलंय.
घरी येऊन मारित्ताला फोन लावला.
हवा, तिचा गुडघा, मांजराचं ऑपरेशन,
मग म्हटलं, एक मालिका आहे, जरा बालिशच,
ऑक्टोबरात येशील का, गुरुवारी?
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मी मोजलं नाही.
मग ती म्हणाली, बघू.