धूर शेवटी

रात्रीचे दोन. गंगावेशीत कुत्रीसुद्धा गप्प.
नदी डांबर ओतल्यासारखी दिसतेय,
तिच्यात आकाश नाही, काठ नाही,
आणि पुलावर उभी असलेली माझी अक्काताई,
हातात भाला, अंगात चिलखत, सत्ताविसावी लेव्हल,
चेहऱ्याने जांभळी.

इर्शाद मुल्लाणी पेनड्राइव्ह देताना म्हणालेला,
"हे शेडर टाक भावा, गेम ओळखू येणार नाय."
खरं बोलला.

एकेक मॉड काढायचा, गेम चालू करायचा, बघायचं.
गवताचा काढला. काळंच.
ढगांचा काढला. काळंच.
मग निम्मे इकडे, निम्मे तिकडे,
भाऊबंद जमीन वाटून घेतात तसे वाटले,
तरी दोष कुणाच्याच वाट्याला येईना.
कॅश पुसली. ड्रायव्हर जुना घातला, परत नवा घातला.
सेटिंगच्या फायलीत एकाचा शून्य केला,
शून्याचा एक,
आणि आधी कुठं काय होतं ते विसरलो.
कोपऱ्यात अक्षरं : शेडर तयार होत आहेत,
चार हजार एकशे बारा बाकी.
तेवढ्यात चहा होतो. पिऊनही होतो.

साडेतीनला पाणी आलं.
नळाला नाही, गेममध्ये.
दोन मॉड एकाच नावाची फाईल धरून बसले होते,
एका पाटावर दोन नवरे.
एकाला उठवलं
आणि पुलाखाली ढग वाहायला लागले.
मी खुर्चीतल्या खुर्चीत मूठ आवळली,
ओरडायची सोय नव्हती.

पण पलीकडं दरी होती, दरीत धुकं,
झाडं त्यात गळ्यापर्यंत बुडालेली
आणि त्यांच्या कडेची काजळी मात्र धुक्याच्या अलीकडं,
काचेवर कुणी पेन्सिलने गिरवल्यासारखी.
सावलीचा जोर कमी केला, तर फिकट काजळी.
वाढवला, तर दाट काजळी.

आण्णा लघवीला उठले होते.
तीस वर्षं स्टुडिओत लाइटमन.
रिफ्लेक्टर धरून धरून उजवा खांदा वर राहिलेला,
स्टुडिओ बंद पडला तरी तो खाली आला नाही.
डोळ्याचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झालेले,
त्या डोळ्यानं दारातनं बघत राहिले.
म्हटलं, गेम आहे. झोपा तुम्ही.

"सूर्य कुठं हाय?"

डावीकडं. डोंगरामागं.

"मग धुराच्या म्होरं सावली कशी रं?
धूर आधी सोडलाय व्हय कुणी?
आधी लाइट. मग सावली बघायची. धूर शेवटी.
आन् एकदा सोडला की कशाला हात लावायचा न्हाई."

मी यादी उघडली.
धुकं वर, सावली पार तळाला.
म्हणजे आधी धूर सोडून
वरनं सावल्या रंगवत होता हा यडपट.
ओळ धरली, वर ओढली, सोडली.

दरीनं सगळी काजळी गिळली.
एक झाड होतं तिथं,
आता होतं की नव्हतं सांगता येईना.

आण्णांनी स्टूल ओढलं.
"सूर्य खाली घे. आणखी. हां, थांब."
मी गेममधले दोन तास पुढं नेले.
"पोरीच्या तोंडावर उजेड न्हाई बघ.
हितं खाली, फ्रेमच्या भाईर,
कुणीतरी बोर्ड धरून बसाय पायजे हुतं."
त्यांचा खांदा नकळत आणखी वर गेला.
"आन् ती जांभळी का?"

ते अजून माहीत नाही.

"मेकअपवाल्याला बोलीव की."

पाचला दूधकट्ट्यावर म्हशी आल्या.
आण्णा काळा चष्मा चढवून किटली घेऊन निघाले,
जिन्यातनं आवाज आला, धुराला हात लावू नगंस.
मी चेहऱ्याचा मॉड काढला.
गेम चालू केला.
हिरवी.