आठ बाइट

कॉन्सेप्सिओन, रात्रीचे पावणेतीन.
एका स्टेशनची एका वर्षाची थरथर,
सेकंदाला शंभर आकडे,
म्हणजे पंचवीस गीगाबाइट.
यंत्रात जागा बत्तीस.
मावली कशीबशी,
अनोळखी घरातल्या पाहुण्यासारखी
अंग चोरून.

मग मी फक्त सरासरी वजा करायला सांगितली.
माझी भाषा मूळ प्रतीला हात लावत नाही.
एक काना बदलायचा तरी
अख्खी पोथी नव्याने उतरवते,
आणि तोवर जुनीही उराशी.
पंचवीस अधिक पंचवीस.
पडद्यावर एकच शब्द: किल्ड.
कोणी, कशासाठी, काही नाही.

पलीकडे ओस्वाल्दो हसला. तो सी लिहितो.
त्याची भाषा शेजारणीसारखी,
मागाल तेवढी वाटी मोजून देते,
परत नेऊन दिली नाही तर
बोलत नाही काही,
नुसतं घर भरल्या वाट्यांनी अडत जातं.
"आणि ती झाडूवाली?" मी विचारलं.
"जावा? ती गुणाची. पण झाडायला आली
की सगळ्यांनी पाय वर घेऊन बसायचं."

कॉफी गार.
मला तालकावानोचा धक्का आठवला,
काट्यापाशी बाबा.
होडीतून एक पेटी वर, वजन,
फळीवरचा जुना आकडा पुसून नवा,
पेटी पुढे, बर्फाच्या गाडीत.
सगळी मासळी एकदम
त्यांनी कधी पाहिलीच नाही,
रात्री विचारलं तर
किलोपर्यंत सांगायचे.

तसंच केलं.
दहा मिनिटांचा तुकडा आत,
बेरीज, मोजणी, तुकडा बाहेर.
मेमरीची रेघ आडवी पडून राहिली
झोपलेल्या मांजरासारखी.

ऑगस्टपाशी आले तर सहा तास कोरे.
त्या रात्री जमीन इतकी हलली
की तारच तुटली,
मोजायलाच कोणी उरलं नाही.
म्हटलं, गाळून टाकते, जागा तरी वाचेल.
"नको, मिल्याराय," ओस्वाल्दो म्हणाला,
"पुढचे सगळे दिवस सहा तास अलीकडे सरकतील."

तर ठेवले.
एक एक न आलेला आकडा,
आलेल्याइतकाच जड,
आठ बाइट.

होडी परतली नाही त्या दिवशी
बाबांनी फळीवर आडवी रेघ ओढली होती.
दुसऱ्या दिवशी तीही पुसली,
त्याच फडक्याने,
तेवढाच हात लावून.