रिकामा घाव

संमतीपत्राची एकोणीस पानं मी वाचून दाखवली त्यांना,
गंगापूर रोडच्या त्या तळघरात, ओसीटी मशीनशेजारी.
चौथ्या पानावर थांबवलं त्यांनी :
यादृच्छिक म्हणजे काय हो ताई?
चिठ्ठ्या टाकतात ना, तसं.
टाकतं कोण?
संगणक.
मग हरकत नाही, म्हणाले, त्याला भाऊबंद नसतात.
आणि सही केली,
रेघेच्या बोटभर वर.

पुंडलिक वडनेरे, तांबट लेन.
पण नाव लिहायचं नसतं. क्रमांक सतरा,
आद्याक्षरं, जन्मसाल, उजवा डोळा.
त्रेचाळीस वर्षं मठारकाम, अकरा वर्षं साखर.
मधलं गेलंय, कडेचं शाबूत आहे.
माझं तोंड बघायला ते माझ्या कानाकडे बघतात
आणि म्हणतात, आज दमलेल्या दिसता.

चौकटींचा कागद पुढे ठेवला.
रेघा कुठे वाकतात तिथे खूण करा.
पेन घेतलंच नाही, अंगठा फिरवला
घंगाळाच्या पोटावरून फिरवावा तसा,
आणि एका जागी थांबले :
इथं पोचा आहे.
हा बाहेरून नाही निघायचा,
आतून ठोकावा लागेल.

मशीनवर दिसला तो पोचा.
दृष्टिपटलाच्या करड्या थरांत साचलेलं पाणी,
चारशे अठ्ठ्याऐंशी मायक्रॉन जाडी.
डॉक्टर किणीकर ती मोजतात, त्यांना गट ठाऊक नाही.
तक्त्यावरची अक्षरं वाचून घेणाऱ्या शबानाला ठाऊक नाही.
वडनेऱ्यांना नाही.
मला आहे. कुलपातल्या फ्रीजची किल्ली माझ्या गळ्यात असते.
लिफाफा उघडला त्या दिवसापासून
मी त्यांच्याशी कमी बोलते.

सतरा नंबरला औषध दर तिसऱ्या महिन्याला.
मधल्या दोन महिन्यांत सगळं अगदी तेच :
बधिरीचे थेंब, आयोडीनचा तपकिरी ओघळ, पापण्यांना चिमटा,
आणि सुई नसलेल्या सिरिंजचं टोक
डोळ्याच्या पांढऱ्यावर क्षणभर टेकवलेलं.
यात फसवणूक नाही. नैतिक समितीने खोदून विचारलंय,
चौदाव्या पानावर ते छापलंय,
वाचून दाखवणारी मीच होते.

मार्चमधल्या अशा एका रिकाम्या दिवशी
खुर्चीतून उठत, गाल पुसत ते म्हणाले,
आज बरोबर जागी लागलं बघा.
एप्रिलमध्ये शबानाने तीन अक्षरं जास्त मोजली.
ती तीन कुणाची?
फेब्रुवारीतल्या औषधाची, मार्चमधल्या स्पर्शाची,
की त्या दिवशी खिडकीतून जरा जास्त ऊन आलं होतं त्याची?
एका माणसावरून नाही सांगता येत.
म्हणून तर दोनशे चाळीस माणसं, अकरा शहरं.

मे महिन्यात एक पेला घेऊन आले, तांब्याचा,
खवल्याखवल्यांचा, हाताला गार.
भेट घेता येत नाही, मी म्हटलं.
घेऊ नका, नुसता धरा.
डोळ्याकडे न बघता केलाय, कानाने.
बाहुली मोठी व्हायची वाट बघत बसलो होतो,
तेव्हा खुर्चीच्या दांड्यावर चष्म्याने वाजवून दाखवलं :
दोन घाव पेल्यावर, एक ऐरणीवर.
दोन पेल्यावर, एक ऐरणीवर.
तो तिसरा कशाला?
त्याने हात ठिकाणावर येतो.
नव्या पोराला वाटतं, घाव फुकट गेला.

मी मान खाली घातली.
त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं, बराच वेळ.
वर बघा, म्हटलं, हलू नका,
आणि थेंब टाकला.

हातमोजे काढताना त्यांनी विचारलं,
मला कोणतं मिळालं ते शेवटी कळेल ना?
कळेल. अभ्यास संपला की पत्र येईल घरी.
अजून चौदा महिने आहेत.

पेला पिशवीत घालून, जिन्याच्या कठड्याला हात लावत
ते दोन पायऱ्या चढले, मग वळले :
पत्र तेवढं मोठ्या अक्षरात लिहा.