हंगामाचं धुणं

एप्रिलात पहिल्याच सामन्याला बर्फ पडला.
पंचवीस सदरे जसे नेले तसे परत आले,
घडी न मोडलेले.
मी ओडेसा प्रुइट. स्टेडियमच्या तळघरात
दोन मशीनं आणि एक आखडलेला गुडघा घेऊन
बावीस वर्षं हेरन्सचे कपडे धुते.
टोपीवर निळा बगळा, एका पायावर उभा.
मालकाला वाटलं असेल, डौलदार दिसेल.
मला तो कायम मासा निसटल्यासारखा दिसतो.

सामना मी बघत नाही.
वर पायऱ्यांवर पाय आपटले की समजतं, काहीतरी झालं.
बाकीचं कपडे सांगतात.
गुडघ्यावर हिरवा ओरखडा: चेंडू अडवला.
मांडीवर लाल माती: दुसरा बेस चोरला,
किंवा चोरताना सापडला.
मातीला दोन्ही सारखंच.
बाहीवर मोहरीचा पिवळा डाग, म्हणजे पिचर.
चौथ्या इनिंगला बाहेर काढला
आणि डगआउटमध्ये बसून त्यानं हॉटडॉग खाल्ला.

जूनपर्यंत बरं चाललं होतं.
मग शॉर्टस्टॉप कॅस डोडरिलला वरच्या संघाचा फोन आला.
अर्ध्या तासात पोरगं गेलं, अर्धं सँडविच तोंडात.
मी त्याच्या कॉलरच्या आतला नावाचा पट्टा उसवला,
ब्लेडनं, टाका टाका.
सहा नंबर तोच राहतो.
माझ्या बिस्किटांच्या डब्यात एकशे चाळीस आडनावं आहेत.
त्यांतली तीन टीव्हीवर दिसली.
बाकीची डब्यात.

जुलैत तेरा सामने ओळीनं हरलो.
रोज नऊ इनिंग, रोज नाकी नऊ.
पोरांनी दाढ्या वाढवल्या, मग उतरवल्या.
पहिल्या बेसवाल्यानं मोजे धुवायला देणं बंद केलं,
आठवड्याभरात ते मोजे स्वतःच्या पायावर उभे राहायला लागले.
शेवटी मॅनेजर वेंडेल स्ट्रूप जिना उतरून आला,
टोपी हातात धरून, मयताला आल्यासारखा.
‘ओडेसा, साबण बदलून बघ ना.’
दुसऱ्या दिवशी तीन-दोननं जिंकलो.
त्यानं मला फुलं आणून दिली, पेट्रोल पंपावरची.
साबण तोच होता. अजून सांगितलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते एकतीस नंबरचं.
रादामेस उरेन्या, राखीव कॅचर,
डॉमिनिकनमधल्या कुठल्या तरी साखर कारखान्याच्या गावचा.
त्याचा सदरा रोज रात्री स्वच्छ यायचा,
पांढरा शुभ्र, इस्त्रीच्या रेघेसकट.
मळून येणाऱ्यांची मला काळजी नसते.
तो स्वतः आणून द्यायचा.
‘हा नको धुऊ, सेन्योरा. पाणी कशाला फुकट?’
आणि मी रोज धुवायचे,
सगळ्यांबरोबर, त्याच पाण्यात.
निदान वास तरी सारखा येईल.

सप्टेंबर. अठ्ठावन्न जिंकले, एकोणऐंशी हरले, एक उरला.
काचेच्या बंद कारखान्यामागे सूर्य गेलेला,
स्टँडमध्ये चारशे माणसं,
त्यांतली निम्मी फुकटच्या ब्लँकेटसाठी आलेली.
वर पाय आपटले. खूप. मग एकदम थांबले.
मग कुणीतरी एकटाच
बराच वेळ आपटत राहिला.

रात्री एकतीस नंबर आला.
गळ्यापासून खालपर्यंत लाल माती,
एक बटण गायब, कोपराशी रक्त.
‘होम प्लेटवर आउट,’ रादामेस म्हणाला. ‘एवढ्यानं.’
आणि दोन बोटांत जागा दाखवली,
झिजलेली साबणाची चिपसुद्धा मावली नसती.
हसत होता.

सदरा थंड पाण्यात भिजवला. रक्ताला थंडच लागतं.
एकदा धुतला. दोनदा धुतला.
बटण लावलं, जरा वेगळ्या पांढऱ्याचं.
छातीवर एक तांबूस सावली राहिली.
फार घासलं असतं तर गेली असती.